गढी ते त्रिरश्मी : एका लुप्त नगराच्या वाचनाची चिकित्सा

प्राचीन नगरांच्या अवशेषांविषयी जे लेखन आपल्यासमोर येते, त्याचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग उत्खननाचे अहवाल आणि गॅझेटियर यांचा. त्यात मापे, थर, मृद्भांडी आणि लेखांची वाचने असतात. दुसरा वर्ग प्रवासवर्णनांचा. त्यात पडक्या भिंती, रणरणते ऊन आणि लेखकाच्या मनात दाटून आलेली हुरहुर असते. तिसरा वर्ग आपल्या स्वतःच्या लेखनाचा आहे. त्यात हे अवशेष बौद्धांचे आहेत असे ठासून सांगितलेले असते आणि बहुधा तेवढ्यावरच लेख संपतो. या तिन्ही प्रकारच्या लेखनाने नाशिकच्या प्राचीन नगराचे काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. आमचे प्रतिपाद्य असे की, नाशिकचे लुप्त नगर आणि त्रिरश्मी पर्वतावरील लेणी हा एकच ग्रंथ असून त्याची पाने लेखकांनी वेगवेगळी करून टाकली आहेत. ती पुन्हा जोडावयाची तर नगरापासून पर्वतापर्यंतची वाट पायांखाली घालणे आणि तेथील लेख संपूर्ण, म्हणजे गैरसोयीच्या ओळींसह, वाचणे याला पर्याय नाही.

१. गढी : थरांचे लेखन

गोदावरीच्या उजव्या काठावर, जुन्या नाशकात, मातीची गढी आहे. सन १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने येथे उत्खनन केले आणि नाशिक व जोर्वे येथील उत्खननांचा त्यांचा इंग्रजी अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगापासून आद्य ऐतिहासिक काळापर्यंत आणि पुढे मुस्लिम-मराठा काळापर्यंत या जागी माणसे नांदली, हे या उत्खननाने थरांच्या पुराव्यानिशी सिद्ध केले. पुराणकथांच्या आधाराने नाशिकची प्राचीनता सांगणाऱ्यांच्या हाती त्यापूर्वी असा भौतिक पुरावा नव्हता. सबब या अहवालाचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

तथापि थर बोलतात ते वस्तूंच्या भाषेत. एखादे खापर कोणत्या काळातील हे अहवाल सांगू शकतो. ते घडविणाऱ्या कुंभाराने आपल्या मिळकतीतून काय दान दिले, हे तो सांगू शकत नाही. गढीवर जाणाऱ्या सामान्य वाचकाची अडचण तर याहून मोठी आहे. डोळ्यांत भरेल असे येथे काही नाही. राजगृहाच्या दगडी तटासारखा तट नाही किंवा नालंदेसारखे विटांचे विहार नाहीत. मातीचा उंचवटा, खाली नदी आणि भोवती आजची दाट वस्ती, एवढेच दृश्य आहे. म्हणून प्रवासी गढीकडे फिरकत नाहीत आणि प्रवासवर्णनांत तिला स्थान नाही. ते सारे थेट लेण्यांकडे जातात. लेणी ज्या नगराने कोरविली, ते नगर अशा रीतीने वाचनातून गळून पडते.

गॅझेटियरचे ऋण येथे मान्य केले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड १८८३ साली निघाला. त्यातील लेण्यांचे वर्णन आणि लेखांचे वाचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या परिश्रमावर उभे आहे. पुढे फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात या लेखांचे संपादन केले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील ग्रंथामुळे १९७९ पासून हे लेख मराठी वाचकाला मराठीत उपलब्ध झाले. म्हणजे वाचनाची साधने आपल्यापाशी नाहीत असे म्हणण्यास जागा नाही.

२. वैशाखातील वाट

गढीपासून त्रिरश्मी पर्वत आठेक किलोमीटर दूर आहे. द्वारका, मुंबई नाका आणि पुढे महामार्गाच्या कडेने पाथर्डी फाट्याच्या दिशेने ही वाट जाते. वैशाखाच्या उन्हात ही वाट चालणे सुखाचे नाही. डांबर तापलेले असते, उड्डाणपुलाची सावली मिळते तेवढीच, आणि डोंगर समोर दिसू लागल्यावरही बराच वेळ तो जवळ येत नाही. आम्ही ही वाट याच ऋतूत चाललो. प्रवासवर्णनकार उन्हाचा उल्लेख आपल्या कष्टांचे भूषण म्हणून करतात. आम्हांला मात्र ऊन ही या ग्रंथाची एक टीका, म्हणजे भाष्य, वाटते. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण विनयाचे आहे. भिक्खूंचा वर्षावास आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि पावसाळा सरेपर्यंत चालतो. उरलेला काळ चारिकेचा, म्हणजे पायी फिरण्याचा. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ हे चारिकेतले कडक उन्हाचे महिने होत. नाशिकच्या लेखांत ही लेणी चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खुसंघास अर्पण केल्याचे पुनःपुन्हा येते. ‘चातुर्दिश’ हा शब्द आपण कागदावर वाचतो तेव्हा तो एक विशेषण वाटतो. उन्हातून चालून आल्यावर त्या शब्दातली पावले जाणवतात. भरुकच्छाकडून, शूर्पारकाकडून, घाट चढून आलेला भिक्खू या डोंगराच्या पायथ्याशी कोणत्या अवस्थेत पोहोचत असेल, याची कल्पना वाहनातून येणाऱ्या अभ्यासकास येणे कठीण आहे.

दुसरे कारण पाण्याचे आहे. सुमारे दोनशे पायऱ्या चढून गेल्यावर लेण्यांची रांग लागते. त्यांचा रोख उत्तर-ईशान्येकडे असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ओवरीत सावली असते आणि जागोजागी खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी दिसतात. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानाची नोंद करताना लेण्याबरोबर पोढींचाही वेगळा उल्लेख करतो. लेणे आणि पाणी ही दाने त्याच्या दृष्टीने समतोल होती. त्याच लेखात त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी निवासस्थाने, बागा, तळी आणि विहिरी केल्याचे म्हटले आहे. पारादा, दमण, तापी, दाहनुका आदी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्याचेही म्हटले आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. आपल्या ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ हा त्या ‘प्रपे’चाच अवशेष होय. दगडी तट कोसळला, नगर मातीखाली गेले, पण हा शब्द उन्हाळ्यात आजही रस्त्याच्या कडेला रांजणापाशी उभा असलेला दिसतो.

३. विणकर, तेली आणि ओदयंत्रिक

आता लेखांतील नगराकडे वळू. एकोणिसाव्या लेण्यातील लेख सातवाहन कुळातील राजा कण्ह याच्या काळचा; नाशिकच्या श्रमण महामात्राने ते लेणे करविले. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावर नाशिककरांचे आणि धंभिक गावाचे नाव कोरलेले आहे. दूर मध्य भारतात भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावरही नाशिकच्या गोरखिता नामक स्त्रीने एक स्तंभ दिल्याची नोंद आहे. म्हणजे या नगरातील माणसे आपल्या दानाने आपले नगर सांगत होती.

परंतु नगराचे सर्वांत सविस्तर दर्शन घडते ते हिशेबाच्या ओळींत. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजदर ठरला. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. २,००० चे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे असे लेख सांगतो. २० गुणिले १२ म्हणजे २४०. हिशेब कवडीलाही चुकत नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असेही लेखात आहे. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने एक शेतही दिले. ते अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतलेले होते आणि नगराच्या सीमेवर वायव्येस होते.

यातून कोणते नगर दिसते? ज्याच्या विणकरांवर राजाचा जावई आपली ठेव विश्वासाने सोपवितो, ज्याला स्वतःची सभा आहे, नोंदवही आहे आणि मोजलेली सीमा आहे, असे नगर. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या, त्याही गोवर्धनच्या श्रेणींकडेच. त्यांत तेल्यांची श्रेणी आहे आणि ओदयंत्रिकांची, म्हणजे पाण्याची यंत्रे चालविणाऱ्यांची, श्रेणी आहे. उन्हातून चालून आलेल्या वाचकाने या ओदयंत्रिकांपाशी क्षणभर थांबावे. राजवटी बदलल्या, क्षत्रप गेले, सातवाहन आले, आभीर आले, पण संघाचे वस्त्र आणि औषध ज्यांच्या हातांवर अवलंबून होते, ते कारागीर तेच राहिले.

दात्यांची यादीही अशीच बोलकी आहे. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा यवन आहे. विसावे लेणे बोपकी नामक यतीने सुरू केले, ते अनेक वर्षे अपुरे राहिले आणि यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास हा ‘दासक’ आहे. या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी मच्छीमार असा केला आहे. आपल्या परिवारासह त्याने ते लेणे दिले आणि त्याचे नाव आज सुमारे अठरा-एकोणीस शतकांनंतरही भिंतीवर वाचता येते.

येथे एक तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. दि. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि भाऊराव गायकवाड यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाने काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ते मंदिर गढीसमोरच्या काठावर, पंचवटीत आहे. ज्या नगरात माणसांना देवळाच्या दारातून आत येऊ दिले जात नव्हते, त्याच नगराच्या वेशीबाहेर एका मच्छीमाराचे नाव दाता म्हणून लेण्यावर कोरलेले होते. नाशिकच्या इतिहासातील हे अंतर आठ किलोमीटरचे नाही. ते कसे पडले हा खरा प्रश्न आहे.

४. मातेची प्रशस्ती

या प्रश्नाचे उत्तर शोधताना तिसऱ्या लेण्यातील प्रसिद्ध लेखाकडे यावे लागते. वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भद्रायणीय भिक्खूंच्या संघास दिले. लेखात तिने आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची प्रशस्ती केली आहे. वाङ्मय म्हणून हा लेख असामान्य आहे. एका मागोमाग एक समास येत राहतात, देशांची नावे येतात, पुत्राचे रूप, शौर्य, आज्ञाधारकपणा येतो आणि या वैभवाच्या तळाशी पुत्र गमावलेल्या मातेचे दुःख असते. ते एका शब्दानेही उघड केलेले नाही, आणि म्हणूनच ते अधिक पोहोचते.

परंतु याच प्रशस्तीत पुत्राला ‘एकबम्हण’ म्हटले आहे, क्षत्रियांचा गर्व उतरविणारा म्हटले आहे आणि चार वर्णांचा संकर थांबविणारा म्हणून गौरविले आहे. द्विज आणि अवर अशा दोघांच्याही कुटुंबांची वृद्धी करणारा, असेही त्याच दमात म्हटले आहे. भिक्खुसंघास दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर चातुर्वर्ण्याच्या रक्षणाची ही शेखी आहे. उषवदाताचा लेखही याला अपवाद नाही. ३,००,००० गाई, देवब्राह्मणांना १६ गावे आणि दरवर्षी १,००,००० ब्राह्मणांना भोजन, ही दाने तो संघाच्या दानाआधी अभिमानाने सांगतो.

आमच्या तिसऱ्या वर्गाच्या लेखनाची कसोटी येथे लागते. आपले बरेच लेखक या ओळी गाळून पुढे जातात आणि सातवाहनांना सरसकट बौद्ध राजे ठरवितात. दुसऱ्या बाजूचे लेखक नेमक्या याच ओळी उचलतात आणि लेण्यांचे बौद्धत्व गौण ठरवितात. दोन्ही वाचने अपुरी आहेत. बाबासाहेबांनी प्राचीन भारताच्या इतिहासाचे वाचन बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी व्यवस्था यांच्यातील संघर्ष म्हणून केले; ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’विषयीचे त्यांचे हे हस्तलिखित त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. तो संघर्ष केवळ दोन राजवंशांच्या लढाईत शोधण्याची गरज नाही. तो तिसऱ्या लेण्याच्या एकाच भिंतीवर, एकाच लेखात, एकाच मातेच्या मुखी आहे. संघाला लेणे हवे होते, राजकुळाला पुण्य हवे होते आणि वर्णव्यवस्था दोहोंच्या मध्ये उभी होती. राजाश्रयावर विसंबलेल्या संघाला ही किंमत मोजावी लागली काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. लेख लपवून तो सुटणार नाही.

आणखी एक विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. प्रशस्तीत राजाच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचा गौरव आहे. दहाव्या लेण्यात वाटसरूंसाठी प्रपा आणि पोढी आहेत. पहिले पाणी विजयाचे, दुसरे उपयोगाचे. आमच्या वाचनात या नगराचे मोठेपण दुसऱ्या पाण्यात आहे.

तिसऱ्या लेण्यात एक छोटा शासकीय लेखही आहे, त्याकडे प्रवासवर्णनकारांचे लक्ष सहसा जात नाही. गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य सामक यास आज्ञा गेली. आशय असा : कखडी गावातील जे शेत पूर्वी भिक्खूंना दिले होते ते कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातील १०० निवर्तने त्यांना द्यावी. नाशिकच्या परिसरातील ओसाड गावाची ही नोंद इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली आहे. आपण ज्या काळाला भरभराटीचा म्हणतो, त्या काळातही गावे उजाड होत होती. फरक एवढाच की, उजाड जमीन दान म्हणून गळ्यात पडली तर संघ तक्रार करू शकत होता आणि शासन ती दुरुस्त करीत होते. अवशेषांविषयी हळहळ व्यक्त करणाऱ्या लेखनापेक्षा हा कोरडा हुकूमनामा आम्हांला अधिक माणुसकीचा वाटतो.

५. नाव आणि वाचन

आता नावाचा प्रश्न. लेखांत पर्वताचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे स्पष्ट आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘पांडवलेणी’ हे नाव रूढ झाले. ही केवळ अज्ञानातून झालेली चूक मानता येणार नाही, कारण शिल्पांवरही तिच्या खुणा आहेत. दहाव्या लेण्याच्या मागील भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता. पुढे तोच छिलून त्यातून भैरवाची मूर्ती काढण्यात आली आणि वरच्या भागात स्तूपाचे अवशेष ओळखू येतात. नाव बदलणे आणि शिल्प बदलणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. कोणी करविले हे विसरले गेले की कोणाचेही नाव लावता येते. विणकर, मच्छीमार, तेली, यवन, शक उपासिका आणि अमात्यांच्या स्त्रिया यांच्या जागी पाच राजपुत्र आले, आणि अख्खे नगर नाहीसे झाले. गढीवर गोदावरीने माती ओढून नेली, त्रिरश्मीवर स्मृती ओढून नेली गेली.

म्हणून ‘त्रिरश्मी’ या नावाचा आग्रह रास्त आहे. पण तो आग्रह वाचनावाचून पोकळ राहील. आपण बुद्धपौर्णिमेस मोठ्या संख्येने पर्वत चढतो, त्रिसरण-पंचशील म्हणतो, पायथ्याच्या बुद्धस्मारकात वंदना करतो आणि परततो. आठव्या लेण्यापाशी थांबून मुगुदासाचे नाव उच्चारणारे आपल्यात किती? निगमसभेचा हिशेब मुलांना सांगणारे किती? लेण्यांवर आपला हक्क सांगणाऱ्या समाजाला तेथील लेख वाचता आले पाहिजेत. निदान त्यांचा मराठी अर्थ माहीत असला पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. विहारांनी आणि अभ्यासमंडळांनी वैशाखात एक दिवस गढीपासून त्रिरश्मीपर्यंत पायी चारिका काढावी. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून पहाटे निघावे आणि वाटेत पाणपोया ठेवाव्यात. ती उषवदाताच्या प्रपेची आणि ओदयंत्रिकांच्या कष्टांची खरी आठवण ठरेल. तिसऱ्या, आठव्या, दहाव्या, सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या लेण्यापाशी त्या त्या लेखाचा अर्थ मोठ्याने वाचावा. वाचताना बलश्रीच्या प्रशस्तीतील वर्णसंकराची ओळ गाळू नये. मग ओवरीत बसून उत्तरेकडे पाहावे. सावलीतून नगर दिसते. गढी ज्या बाजूला आहे ती दिशा दिसते. ज्यांनी ही लेणी करविली ते त्या दिशेने चालत आले होते.